परातीतले सोळा बोल्ट

मी शाळेत गणित शिकवतो. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढची हकीकत वाचून कुणाला ते आपणहून सुचणार नाही.

नव्वद साली सेलूत आमच्या गल्लीत चारचाकी गाडी एकच होती आणि ती माझी होती. अठ्ठेचाळीस सालची काळी मॉरिस. ती माझ्याकडे कशी आली ते सांगत बसत नाही. त्यात माझ्या सासऱ्यांचा संबंध आहे आणि ते हयात आहेत. गाडीचा स्वभाव एकंदरीत शांत होता. चालायची तिला घाई नसे. मात्र एकदा चालू लागली की थांबायचीही घाई नसे, आणि ही गोष्ट गल्लीबाहेर कळू नये अशी माझी फार इच्छा होती.

ती कळली. गाड्या तपासणारे साहेब महिन्यातून एकदा विश्रामगृहाच्या आवारात टेबल टाकून बसत. जुन्या गाड्यांची नोंदणी पुन्हा करून घ्यायची होती, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. साहेब म्हणाले, "आणा पुढे. हं, थांबा." मी थांबलो. म्हणजे माझ्याकडून मी थांबलो; पाय ब्रेकवर होता, चेहऱ्यावर थांबल्याचा भाव होता. गाडी मात्र टेबलापर्यंत गेली आणि साहेबांचा चहा त्यांच्याच रजिस्टरवर सांडल्यावर थांबली. त्यांनी ओल्या कागदावर शेरा लिहिला : 'ब्रेक निकामी. चारही चाकांचे ब्रेक खोलून, मूळ मापाचेच नट-बोल्ट वापरून पुन्हा बसवावेत. तोपर्यंत वाहन रस्त्यावर आणू नये.'

"मूळ माप म्हणजे कोणतं?" मी त्यांच्या कारकुनाला विचारलं.

"गाडीच्या कागदांत पाहा."

"आणि रस्त्यावर आणायची नाही, तर घरी कशी नेऊ?"

"त्याचा अर्ज वेगळा आहे," तो म्हणाला.

अर्ज न करता गाडी घरी आली, बैलजोडीच्या मागे दोरीने बांधून. ती नेमकी शाळा सुटायची वेळ होती. नववी 'अ'च्या पोरांनी आपल्या वर्गशिक्षकाला बैलांच्या मागे सुकाणू धरून बसलेलं पाहिलं, आणि त्या वर्षी त्या वर्गात मला भूमितीचा एकही सिद्धांत गंभीरपणे शिकवता आला नाही. कागद निजामाच्या काळातले होते, उर्दूत. धान्याच्या मोंढ्याजवळच्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याकडून मी ते वाचून घेतले. त्यांत गाडीचा रंग होता, पहिल्या मालकाचा हुद्दा होता, त्याच्या वडिलांचा हुद्दा होता आणि गाडीला जनान्यासाठी पडदे लावण्याची परवानगी होती. बोल्टांबद्दल एक अक्षर नव्हतं.

मग मी स्वतःच ब्रेक खोलायला घेतले. यात फुशारकी नव्हती, तर्क होता. प्रत्येक चाकाच्या आत एक लोखंडी पाटी असते, तिच्यावर सगळा ब्रेक उभा असतो, आणि ती पाटी चार बोल्टांनी धरलेली असते. चार चोक सोळा. जे बोल्ट जिथून काढले ते तिथेच परत घातले, तर माप माहीत असण्याची गरजच काय? मी चार रिकामे डबे घेतले, त्यांवर 'पुढील डावे', 'पुढील उजवे' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एकेका चाकाचे बोल्ट नटांसकट एकेका डब्यात ठेवले. आतले पट्टे नवे करून आणले, रबरं बदलली. आयुष्यात एखादं काम मी इतक्या पद्धतशीरपणे केलेलं मला आठवत नाही.

गल्लीला मात्र पद्धतशीरपणा बघवत नाही. समोरचे व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि कालव्यांना जे सल्ले द्यायचे राहिले होते ते मला देत होते. "सर, सोळा कामून? बारा बस झाले की. बनवणारा जास्तीचेच लावतो, आमी कालव्यावर लय बघितलंय." त्यांच्याकडे एक मोठा पत्र्याचा डबा होता. तीस वर्षांच्या नोकरीत पंपांचे, दरवाज्यांचे, जीपगाड्यांचे जे जे बोल्ट खात्याला नको झाले आणि जे नको झाले नव्हते, ते सगळे त्यात होते. हार्डवेअरवाले बन्सीधरशेठ म्हणाले, "आटे झिजले असतील तर थोडी सुतळी गुंडाळा आन् वरून सफेदा लावा. नळाला आमी तसंच करतो." मी त्यांना नम्रपणे सांगितलं की नळ उतारावर धावत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या शेजारी पंडित खिल्लारे राहतात. तहसीलमध्ये कारकून, माणूस मितभाषी. त्यांच्या आई सरजाबाई. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. दसऱ्याच्या दिवशी परभणीत धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सभा होती आणि तिथल्या कॉलेजात शिकणारी पंडितरावांची मुलगी विद्यापीठाच्या नामांतरावर भाषण करणार होती. शाळा-कॉलेज सोडून चारचौघांत बोलण्याची तिची पहिलीच वेळ. सरजाबाईंना ते ऐकायचं होतं. एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नव्हती आणि सणाला रेल्वेच्या डब्यात उभं राहायलाही जागा मिळत नसे.

"ऱ्हाऊ दे," त्या मुलाला सांगत होत्या. "आल्यावर ती घरी म्हणून दाखवील मला."

मी कुंपणापलीकडून ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, माझी गाडी असताना तुम्ही घरी कशा बसता? दसऱ्याला मी नेतो. दारात बसायचं, सभेच्या दारात उतरायचं."

गाडी त्या वेळी चार विटांच्या ढिगांवर चाकांशिवाय उभी होती. सरजाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "नेताव?" त्या म्हणाल्या. "मंग पोरीला तसं कळवते." दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोस्टकार्ड टाकलं. म्हणजे आता माघार नव्हती.

मी हिशेब केला होता की दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळं बसवून होईल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते, हे गणितात धरायचं राहिलं.

खंडेनवमीला घरातलं यच्चयावत लोखंड धुऊन पुसून पुजायचं असतं. विळी, कोयता, कात्री, माझा कंपासही. सकाळी मी शाळेत सरस्वतीपूजनाला गेलो आणि दुपारी परत आलो तेव्हा आमच्या अंगणात गल्ली जमली होती. माझी बायको रुख्मिणी या बाबतीत फार मोठ्या मनाची आहे. गल्लीतलं सगळ्यात मोठं यंत्र आपल्या दारात, तेव्हा सगळ्यांनी आपापली हत्यारं तिथेच आणावीत असं तिने आमंत्रण दिलं होतं. मॉरिसला झेंडूची माळ होती. समोर शिवणयंत्र, दोन सायकली, पहारी, आणि मधोमध एक मोठी पितळी परात. परातीत सत्तर-ऐंशी नट-बोल्ट सोन्यासारखे चमकत होते. वर हळद-कुंकू.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचे बोल्ट. काळेकुट्ट झाले होते हो. सणाला तसे कसे पुजायचे? चिंच आणि राख लावून घासले सगळे. व्यंकटरावांच्या डब्यातलेही घासून घेतले त्यातच."

"आणि माझे चार डबे? चिठ्ठ्या?"

"डबेही घासले," ती म्हणाली. चिठ्ठ्या भिजून निघाल्या होत्या.

मी पायरीवर बसलो. एक परात, ऐंशी बोल्ट, त्यांतले सोळा माझे. ते निवडण्याचे किती प्रकार होतात याचं सूत्र मला पाठ होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता. बहुतेक सगळे दिसायला सारखे. त्यातून आज पाना हातात धरायचा नाही. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. रुख्मिणीने एवढी सवलत दिली की हाताने निवडायला हरकत नाही, तांदूळ निवडतोच की आपण. व्यंकटराव म्हणाले, "निवडायचं काय त्यात? जाडीनं सारखे तं हायेत. उचला सोळा."

या गलक्याने सरजाबाई काठी टेकत आल्या. परातीजवळ पाट मागून घेतला, बसल्या, एक बोल्ट उचलून त्याच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि तो बाजूला टाकला. दुसरा उचलला. तोही टाकला. तिसऱ्याला जरा थांबल्या.

"ह्यो तुमचा. ते दोन न्हाईत."

"कशावरून?" मी म्हणालो. आवाजात थोडा वर्गातला सूर आला असावा.

त्यांनी माझा एक बोल्ट आणि व्यंकटरावांचा एक बोल्ट आट्यात आटा घालून लांबीने एकमेकांना टेकवले आणि उन्हाकडे धरले. "बगा. मधून उजेड दिसायलाय का न्हाई? आता ह्ये दोन बगा." दुसऱ्या जोडीतून उजेडाची रेघही येत नव्हती, दात दातांत गेले होते. "जुनं विलायती माप येगळं, आताचं मिलिमीटरचं येगळं. जाडी सारखी दिसती, आटा येगळा."

"पण तुम्हाला हे..."

"तीस वर्सं कापसाच्या जिनात काढली न्हवं म्या. समदी विलायती यंत्रं. पावसाळ्यात जिन बंद असायचं, तवा किशनराव फिटर यंत्रं खोलायचा आन् आमी बाया घासलेटात बोल्ट धुवून, निवडून ठिवायचो. एक जरी चुकीचा गेला तर किशनराव घरापोतर शिव्या देत यायचा."

माझ्या इज्जतीचा प्रश्न होता. मी सांगितलं की शास्त्रीय भाषेत याला आट्यांच्या कोनातला फरक म्हणतात. एक पंचावन्न अंशांचा, दुसरा साठ अंशांचा. हे मी एका पुस्तकात वाचलं होतं, आणि खरं सांगायचं तर आत्ताच आठवलं होतं.

"असंल," सरजाबाई म्हणाल्या. "मला तं उजेड दिसतो."

तासाभरात परात निवडून झाली. मी शेजारी बसून मान डोलवत होतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की देखरेख माझी आहे. शेवटी त्यांनी माझे बोल्ट ओळीने लावले आणि दोनदा मोजले. "चौदा. दोन कमी हायेत, सर."

रुख्मिणीने मोरीकडे बघितलं. "घासताना मोरीत काहीतरी खळकन वाजलं होतं खरं," ती म्हणाली. मोरीतून काय निघालं याचं वर्णन करत नाही. बोल्ट निघाले नाहीत. बन्सीधरशेठनी पूजा करून दुकान बंद केलं होतं आणि विलायती माप त्यांनी गेल्या पंधरा वर्षांत ठेवलंच नव्हतं.

"दोनाची सोय म्या बगते," उठता उठता सरजाबाई म्हणाल्या. "तवर ते चाक बसवू नगा."

दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवली आणि मी पाना हातात घेतला. तीन चाकं झकास बसली. नट बोटांनी फिरवला तरी सरसर शेवटपर्यंत जात होता, पाना फक्त आवळायला. मागच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट बसवले आणि उरलेल्या दोन भोकांकडे बघत बसलो. साडेनऊ वाजले. दहा वाजले. सरजाबाईंचा पत्ता नव्हता. इकडे गल्ली निरोप द्यायला जमू लागली. आमचे मुख्याध्यापक तात्याराव, जे एरवी माझ्या गल्लीत पाऊल टाकत नाहीत, तेसुद्धा नवा कोट घालून आले आणि खुर्ची मागवून बसले. "काय मानवतकर, अडलं का कुठं?" त्यांनी विचारलं.

एवढ्या लोकांत मी काय सांगणार होतो? शेजारच्या म्हातारीने बोल्ट आणायचे कबूल केलेत, तिची वाट बघतोय, असं? बैलांची आठवण अजून ताजी होती. तेवढ्यात व्यंकटरावांनी खिशातून दोन बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवले. "आठ मिलिमीटरचे. जाडी तीच. बसवा सर, कोण बघायलंय आतमधे?"

मी चाकाआड वाकलो. बोल्ट भोकात गेला. त्यावर माझा जुना नट चढवला. दोन वेढे छान फिरला. तिसऱ्याला अडला. मला माहीत होतं तो का अडला. आदल्या दिवशीच मी त्यावर पंचावन्न आणि साठ अंशांचं व्याख्यान दिलं होतं. मी पान्यावर दोन्ही हातांनी जोर दिला, आत काहीतरी कर्रर्र वाजलं आणि नट अर्धा वेढा आणखी गेला. दुसऱ्याचंही तसंच केलं. मग चाक चढवलं, हात पुसले आणि म्हणालो, "झालं."

अकराला खिल्लारे मंडळी आली. सरजाबाईंनी पांढरंशुभ्र लुगडं नेसलं होतं. चाकांकडे बघून त्या थबकल्या.

"समदं बसलं, सर?"

"सगळं."

"सोळाच्या सोळा?"

"सोळाच्या सोळा," मी म्हणालो. तात्यारावांनी टाळ्या वाजवल्या.

पंडितराव मागे बसले. सरजाबाईंना आम्ही धरून पुढच्या सीटवर बसवलं. उजवा पाय त्यांनी आत घेतला, डावा बाहेरच राहिला, दार उघडं. गुडघ्याला सवड देत असतील, असं मला वाटलं. मी माझ्या जागेवर बसलो, रुख्मिणीने नारळ फोडला, मी किल्ली फिरवली आणि मॉरिस पहिल्याच फटक्यात सुरू झाली. एरवी तिला अशी बुद्धी कधी होत नाही.

आणि मला तो कर्रर्र आवाज पुन्हा आठवला. परभणीच्या रस्त्यावर एका ओढ्याच्या पुलाला मोठा उतार आहे. खाली पोचण्याआधी ब्रेक दाबावाच लागतो. मी दाबला की जोर त्या पाटीवर येणार, पाटी चारांऐवजी दोनच बोल्टांवर तोलणार, आणि त्या चाकापासून हातभर अंतरावर पंडितराव बसलेले असणार. शेजारी त्यांची आई. आणि परभणीत ती पोरगी पोस्टकार्ड वाचून आजीची वाट बघत असणार. मला खरोखर भीती वाटली. लोक काय म्हणतील याची जी भीती मला कायम असते तिच्यापेक्षा ही वेगळी होती, आणि मोठी होती.

मी इंजिन बंद केलं.

"मावशी, उतरा," मी म्हणालो. मग गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, कारण हळू बोललो असतो तर पुन्हा बोललोच नसतो, "मागच्या डाव्या चाकात दोन बोल्ट चुकीचे आहेत. मिलिमीटरचे. मला माहीत होतं. मी ते जबरदस्तीने बसवलेत. मी खोटं बोललो."

व्यंकटराव म्हणाले, "दोनानं काय हुतंय?" पण त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तात्याराव तर चष्मा लावून.

सरजाबाई उतरल्या नाहीत. त्यांनी पदराची गाठ सोडली. आत दोन बोल्ट होते, जुने, तेलकट, नटांसकट. "सकाळीच पंडितला किशनरावाच्या घरी धाडलं होतं. म्हातारा झोपेतून उठून जिनात गेला, धुंडाळून धुंडाळून दिले त्यानं. म्हून उशीर झाला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"काल म्या दोनदा मोजले. चौदा. आज तुमी सोळा म्हणलाव. तवाच कळलं."

"मग बसलात कशाला?"

"बसले कुठं? पाय भाईर हाय अजून."

"तिथेच बोलायचं ना मावशी, सगळ्यांसमोर. खोटं बोलतोय म्हणून."

"तुमी मास्तर हाव. चार माणसांत म्या कसं म्हणावं? ते तुमीच म्हणायला पायजे होतं."

"आणि मी नसतो म्हणालो तर?"

"तर उतरले असते. गुडघे लय दुखायलेत म्हणले असते." त्यांनी बोल्ट माझ्या हातात दिले. "पोरीनं घरी म्हणून दाखवलंच असतं भाषण."

मी जॅक लावला आणि चाक काढलं. जबरदस्तीने चढवलेले नट निघता निघेनात. एक तर छिन्नीने तोडावा लागला. पंडितराव बाह्या सरसावून माझ्याबरोबर जमिनीवर बसले. तात्याराव थोड्या वेळाने निघून गेले आणि त्यांची खुर्ची व्यंकटरावांनी सावलीला ओढून घेतली. जिनातले बोल्ट भोकांत गेले. मी पाना बाजूला ठेवून नट बोटांनी फिरवला. तो शेवटपर्यंत गेला.

"उजेड?" सीटवरूनच सरजाबाईंनी विचारलं.

"नाही दिसत," मी सांगितलं.

सभा चारला होती. दुपारी सव्वा वाजता सरजाबाईंनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि दार ओढून लावलं.